मोसंबीला दिलेला ताण

“शेजारील बंद घरामागच्या बागेची जबाबदारी आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मोठ्या हौसेने स्वीकारली व श्रमदानाने साफसफाईही केली. तथापि वार्धक्य व अनुभवाचा अभाव यांमुळे पुढे पाणी देणे राहून गेले आणि तेथील एकमेव मोसंबीचे झाड मरणपंथाला लागले. समितीने वेळीच लक्ष घालून टँकरने पाणी दिले व झाडाला जीवदान मिळाले.”

आमच्या कॉलनीच्या स्मरणिकेतला हा मजकूर आहे. खाली सचिवांचे नाव आहे आणि वर टँकरच्या नळीला हात लावून उभ्या असलेल्या सात माणसांचे छायाचित्र. नळीतून पाणी पडते आहे ते झाडाच्या बुंध्यावर. मोसंबीला पाणी बुंध्यावर घालत नाहीत, एवढेही त्या सातांपैकी एकाला ठाऊक नव्हते, हे छायाचित्रच सांगते. त्यासाठी मला तोंड उघडायची गरज नाही.

गरज आहे ती “राहून गेले” या दोन शब्दांसाठी. मी पस्तीस वर्षे इथल्या न्यायालयात उर्दू आणि मोडी कागदांचे मराठीत भाषांतर केले. निजामाच्या काळातल्या सनदा, वाटणीपत्रे, कबुलायती माझ्या हाताखालून गेल्या. माणूस जे करत नाही आणि जे करायचे विसरतो, यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि त्या फरकावर शेते इकडची तिकडे झालेली मी पाहिली आहेत. शहात्तर वर्षांच्या माणसाबद्दल “राहून गेले” असे छापले की लोक त्याचा एकच अर्थ घेतात. तो अर्थ ज्या एका व्यक्तीने घेऊ नये अशी माझी इच्छा होती, नेमका तिनेच घेतला.

ती व्यक्ती म्हणजे शेजारच्या आपा. मुलींच्या उर्दू शाळेत त्यांनी आयुष्यभर गणित शिकवले. आमच्या दोन घरांमध्ये एक कंबरेइतकी भिंत आहे, आणि चाळीस वर्षांत त्या भिंतीवरून शीरखुर्मा, पुरणपोळ्या, वर्तमानपत्र आणि तक्रारी यांची अखंड देवघेव झाली. पाच वर्षांपूर्वी त्या मुलाकडे हैदराबादला राहायला गेल्या तेव्हा त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. मुलगा म्हणत होता, कुलूप लावून किल्ली बरोबर नेऊ. आपा म्हणाल्या, “किल्ली भाईसाबके पास रहेगी. इनके पाससे आजतक कागज का टुकडा नहीं गुमा.”

हे वाक्य मी कुणाला सांगितले नव्हते. आता सांगतो, कारण भांडण त्याच वाक्याचे आहे.

पहिली दोन वर्षे मी त्या किल्लीने फक्त पुढचे दार उघडले, खिडक्या झटकल्या आणि दार लावले. मागची बाग माझ्या जबाबदारीत येते असे मला वाटले नाही. ही माझी चूक. मग एकदा आपांनी फोनवर विचारले, “भाईसाब, मोसंबी कैसी है?” मी म्हणालो, “चांगली आहे.” फोन ठेवला आणि मागचे दार उघडायला गेलो, तर ते उघडेना. बाहेरून घाणेरीने ते दाबून धरले होते.

पावसाळा नुकताच सरला होता. घाणेरी, गाजरगवत, सुबाभळीची पुरुषभर उंच रोपे, आणि या सगळ्यांना एकत्र बांधणारी रानतोंडलीची वेल. मागच्या इमारतीतल्या सभ्य कुटुंबांनी दोन वर्षांत त्यात फुटकी बादली, मोडका पंखा, एक अख्खी गादी आणि अगणित पिशव्या अर्पण केल्या होत्या. स्वच्छतेच्या शपथेला हीच मंडळी पहिल्या रांगेत असतात. मोसंबी कुठे आहे हे मला वासावरून शोधावे लागले. एक पान चुरगाळले, तेव्हा ओळख पटली.

मी गुलमंडीच्या बाजारातून कोयता, खुरपे आणि कुदळ आणली. जन्मात या वस्तू हातात धरल्या नव्हत्या. माझी पत्नी भिंतीपलीकडून पाहत होती. ती म्हणाली, “अहो, कोयता असा दोन बोटांत धरतात का? लिहायचा टाक आहे का तो?”

“तुला येत असेल तर ये.”

“मला येतं. पण किल्ली तुमच्याकडे दिलीय ना.”

हे खरे होते, म्हणून मी एकट्यानेच केले. सव्वा महिना लागला. गाजरगवत उघड्या हातांनी उपटल्यामुळे कोपरापर्यंत पुरळ उठले आणि मी आठवडाभर हात ताकात बुडवल्यासारखे पांढरे मलम फासून बसलो. श्रमदान म्हणून स्मरणिकेत जो शब्द आहे, त्यातले श्रम आणि दान दोन्ही कुणाचे, ते या हातांना विचारावे.

मी चुका केल्या नाहीत असे माझे म्हणणे नाही. केल्या, आणि त्या मी स्वतः सांगतो, कारण त्या माझ्या आहेत. दुसऱ्याने माझ्या नावावर चढवलेल्या मला नकोत. मी आपांचा गवती चहा गवत समजून मुळासकट उपटला. संध्याकाळी कप तोंडाला लावला तेव्हा हाताचा वास आला आणि कळले. दुसरी चूक याहून मोठी होण्याच्या बेतात होती. मोसंबीच्या बुंध्यापासून दोन रसरशीत, काटेरी, सरळसोट फांद्या वर गेल्या होत्या आणि मूळचे खोड त्यांच्यापुढे रोगट दिसत होते. मी ठरवले की रोगट खोड कापावे आणि या दोन फांद्यांना वाढू द्यावे.

मला थांबवले ते कोपऱ्यावर हातगाडी लावणाऱ्या मोसंबीवाल्याने. तो देवगाव रंगारीचा. गावाकडे त्याची स्वतःची मोसंबीची बाग आहे आणि हंगामात माल विकायला तो इथे येतो. मी त्याला करवत कुठे मिळेल एवढेच विचारले होते. कशाला, म्हणून त्याने विचारले, आणि गाडी तशीच सोडून माझ्याबरोबर आला. त्याने खाली बसून बुंध्यावरची एक गाठ बोटाने दाखवली.

“साहेब, ह्या गाठीच्या वर मोसंबी. खाली जंबेरी लिंबाचा खुंट, त्याच्यावर कलम बांधलंय. ह्या दोन फांद्या खुंटाच्या हायेत. फळ धरलं तरी कडूजहर.”

“पण या जोमात आहेत.”

“जोमात राहनारच की. तुम्ही मालकाला घराबाहेर काढून नोकराला गादीवर बसवायला निघाले व्हते.”

कुणाकडून असे बोलून घेण्याची मला सवय नाही. परंतु जो माणूस आपली गाडी उघड्यावर सोडून येतो आणि जे ठाऊक आहे तेवढेच बोलतो, त्याचे ऐकावे. मी त्या दोन्ही फांद्या मुळापासून कापल्या. भ्रमणध्वनीवर बागकामाचे धडे देणाऱ्या गोड आवाजाच्या मंडळींपैकी एकानेही मला ती गाठ दाखवली नव्हती. त्यांचे सगळे लक्ष गच्चीतल्या कुंड्यांवर आणि स्वतःच्या चेहऱ्यावर.

पुढे पाण्याचा प्रश्न. आमच्या शहरात नळाला पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येते. इतके दिवस माणसे तांब्या तांब्या जपून वापरतात. आणि ज्या पहाटे नळ सुटतो, त्या पहाटे गल्लीतली प्रत्येक बाई उरलेले अर्धे पिंप गटारात आडवे करते. का, तर पाणी शिळे झाले. काल जे पाणी देवाच्या अभिषेकाला चालत होते ते आज नळाचा आवाज येताच शिळे होते. आमच्या घरीही हेच चाले. मी पत्नीला म्हणालो, “शिळं पाणी यापुढे मोसंबीला.” मागल्या दारी दोन निळी पिंपे मांडली. आमचे शिळे पाणी त्यांत, आणि ज्या शेजाऱ्यांनी परवानगी दिली त्यांचेही. दोन वर्षे मी रोज सकाळ-संध्याकाळ त्या झाडाला बादलीने पाणी घातले. टँकर लागला नाही, समिती लागली नाही.

झाड असे फोफावले की पाहत राहावे. काळोखी आलेली पाने, घेर दुप्पट. आणि फूल एक नाही. पहिल्या वर्षी मी मनाची समजूत घातली. दुसऱ्या वर्षी सचिव मागच्या गल्लीतून भिंतीवर डोकावून म्हणाले, “काका, मोसंबी आहे की क्रोटन?” हे सचिव एका कंपनीत माणसे नेमण्याचे आणि काढण्याचे काम करतात. झाडांशी त्यांचा संबंध दिवाळीत कार्यालयातून मिळणाऱ्या कुंडीपुरता. त्या कुंडीतले रोपही प्लास्टिकचे असते.

त्याच नोव्हेंबरात आपांचा फोन आला. फेब्रुवारीच्या शेवटी त्या परत येणार होत्या. “भाईसाब, इस साल फूल लगे तो मैं देखूँगी.” मी म्हणालो, “लागतील.” मी शब्द दिला आणि मोसंबीवाल्याकडे गेलो.

तो येऊन झाडाभोवती फिरला आणि हसला. “लई पाजलं साहेब तुम्ही. माजलंय. ज्याला दोन टायमाला घरबसल्या मिळतंय त्ये कशाला फळाच्या भानगडीत पडंल? ताण द्या त्याला.”

ताण म्हणजे काय ते त्याने सांगितले, आणि मोसंबी पिकवणाऱ्या या मुलखात ते सांगावे लागले हीच नामुष्की. फुलोरा धरायचा असेल तर झाडाचे पाणी तोडायचे. पाने पिवळी पडेपर्यंत, निम्मी गळेपर्यंत. मग थोडे थोडे पाणी सुरू करायचे. मरणाची चाहूल लागलेले झाड फुलावर येते.

“किती दिवस?”

“जमीन तुमची मुरमाड हाय. सव्वा महिना धरा. अन ऐका, शेजारीपाजारी बोंबलतील. बोंबलू द्यायचं. मधीच दया आली अन पाजलं, तर समदं मुसळ केरात.”

“आणि नंतर?”

“नंतर बी एकदम नाय पाजायचं. पयलं पाणी हलकं, आंबवणी. चार-पाच दिसांनी दुसरं. उपाशी मानसाला डायरेक पंगतीत बसवत नसतेत.”

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर सव्वा महिना मोजला आणि शेवटच्या दिवसाभोवती लाल गोल केला. रोज एक खूण मारत गेलो. जे झाड मी दोन वर्षे पोराप्रमाणे पाजले, त्याच्याकडे रोज सकाळी रिकाम्या हाताने जायचे आणि पाहून परत यायचे. हे विसरण्यापेक्षा फार कठीण असते, हे मी विसराळू ठरवणाऱ्यांना सांगू इच्छितो. विसरणाऱ्याला झोप लागते. पत्नी एकदा म्हणाली, “एक बादली घातली तर कुणाला कळणारे?” मी म्हणालो, “झाडाला.”

पंचविसाव्या दिवसापासून पाने पिवळी पडली. तिसाव्या दिवशी खाली सडा. सचिव पुन्हा भिंतीवर.

“काका, झाड वाळायला लागलं हो.”

“वाळवतोय.”

“म्हणजे?”

“म्हणजे वाळवतोय.”

ते ज्या रीतीने हसले ती रीत मी ओळखतो. इस्पितळात खाटेशी उभे राहून नातेवाईक असे हसतात. मी अधिक खुलासा केला नाही. ज्याला एका वाक्याचा अर्थ कळत नाही त्याला दहा वाक्ये कशाला द्यावीत? आता वाटते, द्यायला हवी होती. पण तेव्हा दिली नाहीत, आणि या संवादाला साक्षीदार नाही.

चौतिसाव्या दिवशी मी आणि पत्नी दोन दिवसांसाठी मुलीकडे बजाजनगरला गेलो. नातीचे बारसे होते. परतलो ते सायंकाळी. आपांच्या बागेत पाऊल टाकले आणि चप्पल चिखलात रुतून तिथेच राहिली. घोट्याइतके पाणी होते. समितीने मागच्या गल्लीतून नळी आत टाकून अख्खा टँकर रिता केला होता. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर तोवर छायाचित्र फिरून जुने झाले होते. त्याखाली अंगठे, टाळ्या, जोडलेले हात आणि एक “वाह सर”.

मोसंबीवाल्याने दुसऱ्या दिवशी चिखलातली मूठभर माती पिळून पाहिली. मग म्हणाला, “ज्यानं ह्ये केलं त्याला माझ्या बागंत पाय ठेवू देऊ नका.” त्याने पाणी जायला चर काढून दिला. शेवटचे दोन दिवस बुडाले होते, आंबवणीऐवजी पूर आला होता. तरीही पस्तीस दिवसांचा ताण झाडाने सोसलेला होता, आणि तो वाया गेला नाही. तीन आठवड्यांनी कळ्या फुटल्या. ज्या बाजूला पाणी तुंबले होते तिकडच्या निम्म्या कळ्या गळून पडल्या. दुसऱ्या बाजूच्या टिकल्या. समितीचे कर्तृत्व मोजायचेच असेल तर त्या गळलेल्या कळ्या मोजाव्यात. जीवदान मरणाऱ्याला देतात. हे झाड मरत नव्हते, ते कामाला लागले होते.

फेब्रुवारीच्या शेवटी आपा आल्या. रिक्षातून उतरल्या, फाटकाशी थांबल्या आणि बॅग हातातच धरून वास घेत राहिल्या. मोसंबीच्या फुलांचा वास दूरवर जातो. मी भिंतीपाशी उभा होतो. मी काही बोलण्याच्या आत सचिव पुढे झाले आणि आपांना सगळी हकीकत सांगितली. त्यांची हकीकत. आपा ऐकत होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या. मी गप्प राहिलो, कारण फाटकात उभे राहून फुशारकी मारणे मला शोभले नसते. झाड बोलते आहे, तेवढे पुरे, असे मला वाटले.

नाही पुरले. मे महिन्यात स्मरणिका निघाली. ती वाचून आपांनी मला चहाला बोलावले. खिडकीतून झाड दिसत होते, लिंबाएवढी हिरवी फळे धरलेले. आपा जूनमध्ये पुन्हा मुलाकडे जाणार आहेत, वर्षभरासाठी. कपात साखर ढवळत त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, “दिल पर मत लो भाईसाब. उमर हो गई, आपकी भी, हमारी भी. मैं भी चूल्हे पर दूध भूल जाती.” आणि मग, “इस बार किल्ली सेक्रेटरीसाब के पास रख देती हूँ. आपको कायकू तकलीफ.”

मी आयुष्यात पुष्कळ अपमान पाहिले आणि त्यांतले काही व्याजासकट परतही केले. पण क्षमा करून कुणी असा अपमान केला नव्हता. मी म्हणालो, “आपा, मी विसरलो नव्हतो.” त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाचे मन राखण्यासाठी हलवतात तशी.

ज्या बाईने मुलींना सिद्धतेशिवाय एक पायरी पुढे जाऊ दिले नाही, तिला शब्द पुरणार नाहीत. मोसंबीवाल्याची साक्ष काढावी तर सचिव म्हणतात, “सल्ला मिळाला असेल हो काका, पण नंतर लक्षात राहिलं नसेल.” दिनदर्शिका दाखवावी तर म्हणतात, “खुणा काय, मागाहूनही करता येतात.” पत्नी सांगायला तयार आहे, पण पत्नीची साक्ष किती वजनाची असते हे मी न्यायालयात पाहिले आहे. म्हणून शेवटी मी माझी कागदांची पेटी उघडली. आपा म्हणाल्या होत्या ते खरे आहे. माझ्याकडून कागदाचा तुकडा हरवत नाही.

टँकर येण्याच्या चार दिवस आधी समितीने मला एक लेखी सूचना दिली होती. सचिवांच्या हस्ताक्षरात ती अशी आहे: “आपल्या मागील दारी पाण्याने काठोकाठ भरलेली दोन पिंपे अनेक दिवसांपासून उभी असून डासांचा उपद्रव संभवतो. ती त्वरित रिकामी करावीत.” म्हणजे पाणी होते, झाडापासून अकरा पावलांवर होते, आणि ते सचिवांना दिसले होते. कुणी लेखी दिले की लेखी उत्तर द्यायचे आणि त्याची पोच घ्यायची, ही माझी पस्तीस वर्षांची खोड. मी त्याच कागदाच्या मागे उत्तर लिहिले: “पिंपांवर फडके बांधलेले आहे. मोसंबीला ताण दिला असून येत्या मंगळवारी पाणी देऊन तो तोडावयाचा आहे. नळाचा भरवसा नसल्याने त्या दिवसासाठी हे पाणी राखून ठेवले आहे. तोवर पिंपे रिकामी करणार नाही, व झाडास कोणीही पाणी देऊ नये.” आणि तो कागद घेऊन मी फाटकात गाडी काढत असलेल्या सचिवांपुढे उभा राहिलो.

त्या उत्तराखाली, निळ्या शाईत, “मिळाले” असे लिहून त्यांनी सही केलेली आहे.